गुरुवारचं सरबत

चाकणच्या कंपन्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. ज्यांचं सगळं घर याच पट्ट्यात कामाला जातं, त्यांना त्यात वेगळं काही वाटत नाही. गुरुवारी लग्नाची बोलणी होतात, गुरुवारी गाड्या धुतल्या जातात, गुरुवारी पोरांना घेऊन लोक बाहेर जेवायला जातात. पण माझ्या ओळखीतल्या कुणालाच गुरुवारी सुट्टी नव्हती. मैत्रिणी पुण्यात बँकेत, नाहीतर आयटीत. भाऊ परभणीला. त्याला गुरुवारी दुपारी फोन केला की म्हणायचा, “बोल, पटकन बोल, साहेब समोर आहेत.” मग मी पटकन काय बोलायचं ते बोलायची आणि फोन ठेवायची. रविवारी सगळे मोकळे असायचे तेव्हा मी कंपनीत सुटे भाग मोजत असायची.

मी क्वालिटीला होते, अजूनही आहे. गाड्यांच्या ब्रेकचे भाग आमच्याकडे बनतात. ते मापात आहेत की नाहीत हे बघायचं आणि नसतील तर बाजूला काढायचे, हे माझं काम. ही गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि घटस्फोट होऊन सहा महिने झाले होते.

त्याआधी सात वर्षं आम्ही दोघं ताथवड्याला राहत होतो. मोठं भांडण असं आमच्यात कधी झालं नाही. त्याची फिरती शिफ्ट, माझी जनरल शिफ्ट, त्यात माझा जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास. फ्रिजवर चिठ्ठ्या लावून आम्ही एकमेकांशी बोलायचो. भाजी आत आहे, गॅसवाला येणार आहे, असं. पुढे चिठ्ठ्याही बंद झाल्या आणि दोघांच्याही ते बरेच दिवस लक्षात आलं नाही. वकिलाकडे गेलो तेव्हाही एकाच गाडीवरून गेलो.

त्यानंतर कंपनीच्या जवळच एखादी खोली बघावी असं ठरवलं. चाकणच्या अलीकडे एका गावात एका शेतकरी कुटुंबाचं दुमजली घर होतं. खाली ते राहायचे, वरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. घरात चार माणसं. साठी ओलांडलेले आबा, त्यांची बायको, मुलगा आणि सून. मुलगा आणि सून दोघंही कंपनीत जायचे. मी खोली बघायला गेले तेव्हा आबा ओट्यावर बसले होते आणि त्यांची बायको, जिला मी पहिल्या दिवसापासून काकू म्हणायला लागले, ती दारात उभी होती. दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ.

“एकटीच राहनार?” काकूंनी विचारलं.

“हो.”

“आनि मालक?”

“नाहीत. म्हणजे आहेत, पण आता माझे नाहीत.”

आबा म्हणाले, “आमी माळकरी हाय, मॅडम. वर मटन-मच्छी, दारू, असलं काय चालायचं न्हाई. बाकी तुमचं तुमी बघा.”

मी हो म्हटलं. म्हणताना मला काही अवघड वाटलं नाही, कारण तोपर्यंत मी दारूचा थेंबही घेतला नव्हता. माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा त्यात काय काय आहे ते वाचून आणलं जायचं.

घराच्या मागे पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा उरला होता. त्यात दोन लिंबाची झाडं आणि एक पपनसाचं. पपनसाचं रोप काकूंनी लग्नानंतर माहेराहून आणलेलं. त्यांच्या पलीकडे एका कंपनीची उंच भिंत, वर काटेरी तार. झाडांना इतकी लिंबं लागायची की खाली सडा पडायचा. काकू एका स्टीलच्या वाडग्यात आठ-दहा लिंबं घालून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायच्या. “सडून जात्यात, घेऊन जा,” म्हणायच्या. मी लोणचं घातलं, भातावर पिळली, सरबत केलं. तरी उरायची.

त्या वर्षी बाहेरच्या एका गिऱ्हाईक कंपनीची माणसं आमच्याकडे तपासणीला आली. चार दिवस त्यांनी आमचा जीव खाल्ला आणि शेवटी सगळं ठीक आहे म्हणून सही केली. त्या आनंदात साहेबांनी चिंचवडच्या एका हॉटेलात सगळ्यांना जेवण दिलं. तेरा जणांत बाई मी एकटी. पुरुषांची ऑर्डर देऊन झाल्यावर साहेब म्हणाले, “मॅडमसाठी काहीतरी फळाचं द्या.” मी उठून काउंटरपाशी गेले. तिथल्या माणसाने मोसंबी कापली, लिंबू कापलं आणि मला विचारलं, “मॅडम, आंबट किती करू?”

मला आठवेना की शेवटचं कुणी मला असं कधी विचारलं होतं. पुष्कळ वर्षांत मी जे काही खाल्लं-प्यायलं होतं ते एकतर मीच केलेलं होतं किंवा कॅन्टीनच्या ताटात पडलेलं.

“चांगलं आंबट करा,” मी म्हटलं.

“आणि त्यात काही घालू?” त्याने आवाज न चढवता विचारलं.

“घाला,” मी म्हटलं.

त्याने जिन घातली. झाकणाच्या भांड्यात बर्फ टाकून खडखड हलवलं, गाळलं, लिंबाच्या सालीचा एक तुकडा ग्लासवर पिरगळला. पहिल्या घोटाला नुसतं लिंबू लागलं. दुसऱ्याला मोसंबीची गोडी आणि तिच्या मागून काहीतरी गार, रानातल्या पाल्यासारखं. मी तो एक ग्लास जेवण संपेपर्यंत पुरवला. परत येताना कंपनीच्या गाडीत सगळे मोठमोठ्याने बोलत होते आणि मी खिडकीशी बसून खूप दिवसांनी बरी होते.

पुढच्या आठवड्यात मी चिंचवडला जाऊन जिनची बाटली आणली. दुकानासमोर पुरुषांची गर्दी. मला बघून एक जण म्हणाला, “मॅडमना आधी द्या, राव.” सगळे बाजूला झाले. बसमध्ये कुणी मला कधी अशी जागा दिली नव्हती. बाटली ओढणीत गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकली आणि घरी येऊन गव्हाच्या पिठाच्या डब्यामागे ठेवली.

मग दर गुरुवारी संध्याकाळी मी ते करायला लागले. दोन लिंबं, अर्धी मोसंबी, साखरेचा पातळ पाक, मिठाचा कण. जिन मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. दिवसभर मायक्रोमीटर हातात धरणाऱ्या बाईला अंदाजाने ओतणं जमेना. शेवटी खोकल्याच्या औषधाचं मापाच्या रेघा असलेलं टोपण घेतलं. हलवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. तो डबा बर्फाने इतका गार व्हायचा की फडक्यात धरावा लागायचा.

मी एकच ग्लास करायची. मागच्या खिडकीत खुर्ची ओढून बसायची आणि खालची लिंबाची झाडं बघत तो संपवायची. पिण्यापेक्षा करण्यात वेळ जायचा आणि मला तेच हवं होतं. सकाळी अंग धुऊन, कपडे धुऊन, भांडी लावून झाली की गुरुवारचे अकराच वाजलेले असायचे. पुढचा सगळा दिवस मी संध्याकाळी लिंबं कापायची आहेत हे धरून काढायची. दुसरा ग्लास करावासा कधी कधी वाटायचा. पण केला नाही, कारण दुसऱ्या ग्लासानंतर आपण एकट्या आहोत हे स्वतःपासून लपवता आलं नसतं.

मी आबांना शब्द दिला होता आणि तो मोडत होते, हे मला कळत होतं. त्यात गुरुवार. काकूंचा गुरुवारचा उपास असायचा. खाली त्या देवापुढे बसलेल्या असायच्या आणि वर मी. पण माझी सुट्टी गुरुवारीच होती, असं मी मनाशी म्हणायची.

चैत्रातल्या एका गुरुवारी सकाळपासून लाइट नव्हती. आमच्याकडे दुरुस्तीची कामंही गुरुवारीच काढतात. दुपारनंतर फ्रिजमधला बर्फ वितळायला लागला, तेव्हा मी ठरवलं की संध्याकाळची वाट बघायला नको. चारच्या सुमाराला लिंबं कापली, डबा भरला आणि हलवायला लागले. पंखे बंद, खालचा टीव्ही बंद, पलीकडच्या कंपनीतही शांत. त्या शांततेत माझा डबा किती वाजतोय हे मला कळलंच नाही. मी ग्लासात ओतलं आणि मागे वळले तर काकू दारात.

“काय वाजतंय गं? मला वाटलं जिन्यावरनं काय पडलं.”

“काही नाही काकू. सरबत करत होते.”

बाटली पिठाच्या डब्यामागे परत गेली होती, एवढं माझं नशीब. काकू आत आल्या, भिंतीला टेकून खालीच बसल्या. पदराने मान पुसली. त्यांचा चेहरा उन्हाने आणि उपासाने उतरला होता.

“लाइट कवा यायची कुनास ठाऊक. सकाळधरनं नुसत्या पान्यावर हाय,” त्या म्हणाल्या. “दे की मला बी घोटभर.”

“थांबा, तुम्हाला ताजं करून देते.”

“आता आनि ताजं कशाला? हे काय शिळं हाय? ह्यातलंच अर्धं दे.”

“काकू, यात साखर कमी आहे. तुम्हाला आवडणार नाही.”

“तान लागल्याव आवडीचं काय,” असं म्हणून त्यांनी ओट्याच्या कडेला ठेवलेला ग्लास हात लांब करून घेतला. हिरव्या बांगड्यांचा हात, बोटांना घरकामाच्या भेगा. ग्लास बाहेरून ओला झाला होता. तो त्यांनी आधी गालाला लावला. मग ओठाशी नेला.

त्या क्षणी मला सगळं दिसलं. मी गप्प राहिले तर त्यांना बहुतेक कळणार नाही. लिंबू भरपूर होतं आणि त्यांना त्या वासाची ओळख असण्याचं कारण नव्हतं. दोन घोट घेऊन त्या बरं वाटलं म्हणतील आणि खाली जातील. माझी खोली राहील, लिंबं राहतील, तिसऱ्या पायरीवरचा वाडगा राहील.

“काकू, थांबा,” मी म्हटलं.

“काय?”

“त्यात दारू आहे.”

ग्लास तसाच ओठापाशी थांबला. मग त्यांनी तो खाली ठेवला, हळूच, काही सांडणार नाही असा. आधी ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कोन पितं?”

“मी.”

“रोज?”

“नाही. गुरुवारी.”

“गुरुवारी,” त्या म्हणाल्या.

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि खाली गेल्या. जरा वेळाने मागच्या नळाचा आवाज आला. त्या हात धूत होत्या. बराच वेळ धूत होत्या. मी ग्लास मोरीत ओतला आणि नळाचा आवाज थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. पायरीवर वाडगा आला नाही. रोज सकाळी कंपनीत निघताना वाटायचं, आता आबा थांबवतील. पण आबा नेहमीसारखेच म्हणायचे, “निघाल्या का मॅडम?” म्हणजे काकूंनी त्यांना सांगितलं नव्हतं. त्याने मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच लाज वाटली. माझ्यामुळे ती बाई आता नवऱ्यापासून काहीतरी लपवून वावरत होती. काकू समोर आल्या की मान खाली घालून जायच्या. सून मात्र नेहमीसारखी हसायची. तिला काहीच माहीत नव्हतं.

मी दुसऱ्या खोल्या बघायला लागले. कंपनीतून सुटल्यावर दोन ठिकाणी गेले. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच, “एकटी लेडीज?” एका ठिकाणी घरमालकीण म्हणाली की भाऊ किंवा वडील येऊन बोलतील तर बघू. मी छत्तीस वर्षांची, माझ्या हाताखाली नऊ माणसं. त्या दिवशी घरी येऊन मी दिवा न लावता बसून राहिले. कुणाला तरी फोन करावा म्हणून मोबाइलमधली नावं वरपासून खालपर्यंत बघितली आणि ठेवून दिला. काय सांगणार होते? की माझ्या घरमालकिणीने मला पिताना पकडलं?

दुसरा गुरुवार आला. मी लिंबं कापली नाहीत. दुपारभर पलंगावर पडून होते. झोप नव्हती. पाचच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली, एकेक पायरी थांबून थांबून. काकूंच्या हातात वाडगा होता. त्यात लिंबं होती.

“आज आवाज आला न्हाई,” त्या म्हणाल्या.

“नाही केलं.”

“का?”

त्या मागच्यासारख्याच भिंतीला टेकून बसल्या. मीही समोर खाली बसले.

“मी आठ दिस इचार केला,” काकू म्हणाल्या. “तू गप बसली असतीस तर मी पिऊन गेली असते.”

“तुम्हाला कळलं असतं काकू. वास येतो.”

“मला काय म्हाईत त्याचा वास. लिंबाखाली काय कळतंय.” त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. “तू माझा उपास राखलास. ही माळ राखलीस. तुला घर जायाचं भ्या हुतं, तरी राखलीस. मग आता मी आबांना काय म्हनून सांगू?”

मला रडू आलं. मोठ्याने नाही, पण आलं. काकूंनी ते येऊ दिलं. जवळ आल्या नाहीत, पाठीवर हातही फिरवला नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, “पन ह्या घरात गुरुवारी न्हाई करायचं.”

“मला सुट्टीच गुरुवारी असते, काकू.”

यावर त्यांनी खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घालून, जणू घरातलीच एखादी अडचण सोडवायची होती.

“मग शुक्रवारी कर. कामावरनं आल्याव. आनि एकच.”

“एकच करते.”

“बगू,” त्या म्हणाल्या.

शुक्रवारी साडेसहाला मी आले, हातपाय धुतले आणि लिंबं कापायला घेतली. काकू वर आल्या. येताना स्वतःचा पितळेचा पेला घेऊन आल्या. मी लिंबू पिळणीत घालून दाबायला लागले तसं त्या म्हणाल्या, “अगं, जीव काढतीस का त्याचा? एवढं दाबल्याव साल कडू उतरतंय. रस आला की सोडून द्यायचं. उरलं तर उरूंदे.” त्यांनी माझ्या हातातून लिंबू घेतलं. तळव्याखाली ओट्यावर दोनदा लाटलं, उभं न कापता आडवं कापलं, बी झटकलं आणि नुसत्या मुठीत पिळलं. मी हॉटेलातल्या माणसाकडे बघून शिकले होते, पण त्यानेही इतकं नेमकं पिळलं नव्हतं.

त्यांच्या पेल्यात लिंबू, साखर, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. माझ्या ग्लासात माझं. बाटली उघडताना त्या खिडकीबाहेर बघायच्या आणि टोपण लावल्याचा आवाज आला की मान वळवायच्या. माझ्या ग्लासात त्यांनी कधीच काही घेतलं नाही, धुतलेल्या ग्लासातही नाही. पेला नेहमी खालून यायचा आणि खालीच धुतला जायचा. त्याचं मला थोडं वाईट वाटायचं. ते मी त्यांना कधी बोलले नाही.

असे आम्ही जवळजवळ तीन वर्षं शुक्रवारी बसलो. आबा तेव्हा देवळात हरिपाठाला गेलेले असायचे आणि एकादशीला आळंदीला. त्यांना कधी कळलं का, मला ठाऊक नाही. मुलगा-सून उलटसुलट शिफ्टमध्ये. काकू म्हणायच्या, “घरात चार मानसं हायती. पन एक उठतंय तवा दुसरं निजतंय. ताटं झाकून ठेवायची आनि झाकलेली ताटं धुवायची, एवढंच.” मला माझ्या फ्रिजवरच्या चिठ्ठ्या आठवल्या. मी त्यांना त्या चिठ्ठ्यांचं सांगितलं. त्या लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या, पण त्यांना ते लगेच समजलं.

“मंग त्यानं सोडलं का तू सोडलंस?” त्यांनी एकदा विचारलं.

“कुणीच नाही सोडलं काकू. सुटलं.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “असं बी व्हतं.”

भाद्रपदात पपनस पिकायची. काकू एक पपनस मांडीवर घेऊन सोलायच्या, पांढरे पापुद्रे काढून फोडी मोकळ्या करायच्या. तो रस लिंबाच्या रसात मिसळला की चव एकदम बदलायची. हॉटेलातल्यापेक्षा ते चांगलं लागायचं आणि हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या लाजल्या. त्या म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांना पपनस आवडायचं नाही, नवऱ्याला आवडायचं नाही, मुलाला आवडायचं नाही. पस्तीस वर्षं ते झाड नुसतं गळत होतं. मग मीच ते खाणारी पहिली माणूस निघाले.

पण बाकीचे सहा दिवस होतेच. शुक्रवारचा एक तास धरून माणूस आठवडा काढू शकतं, एवढं मला त्या तीन वर्षांत कळलं. आठवडा त्यामुळे लहान मात्र होत नाही. गुरुवारी मी तशीच खिडकीत बसायची, समोर ग्लास नाही एवढाच फरक. कधी कधी खाली काकू झाडाखाली पाला गोळा करताना दिसायच्या. गुरुवारी आम्ही एकमेकींना हाक मारायचो नाही. का ते सांगता यायचं नाही.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कंपनीने तळेगावला नवीन कारखाना सुरू केला आणि तिथलं क्वालिटी माझ्याकडे दिलं. चाकणहून रोज जाता आलं असतं, पण त्या रस्त्यावर ट्रकच्या रांगेत दोन-दोन तास जातात. मी तळेगाव दाभाड्याला स्टेशनजवळ फ्लॅट घेतला. काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सोताचं घर हाय. सोताच्या घरात जावं मानसानं.” माझं सामान टेम्पोत चढवायला त्यांनीच मदत केली. शेवटच्या शुक्रवारी आम्ही बसलो नाही. टेम्पोवाला दुपारीच आला.

पहिल्या वर्षी त्या एकदा तळेगावला आल्या, मुलाच्या गाडीतून. सोबत पिशवीभर लिंबं आणि तोच पितळेचा पेला. मुलगा समोर होता, म्हणून मीही साधं सरबतच प्यायले. त्या सोफ्यावर बसल्या, पाय जमिनीला टेकेनात म्हणून मग खाली बसल्या. घर हिंडून बघितलं, देव कुठे ठेवलेत ते बघितलं, बाल्कनीतून खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “कुनी दिसत न्हाई गं हितं.” समोर आठ इमारती होत्या, प्रत्येक खिडकीत कपडे वाळत होते. पण मला त्यांचं म्हणणं कळलं.

त्यानंतर फोन. सुरुवातीला दर शुक्रवारी. मग त्यांना एक मोठा ताप आला, महिनाभर अंथरुणाला खिळल्या, आणि त्यातून उठल्या तेव्हा ऐकू यायचं जवळजवळ बंद झालं होतं. मशिन आणलं होतं. पण कानात सगळे ट्रकच घुसतात म्हणून त्या ते काढून ठेवायच्या. फोनवर मी ओरडायची आणि त्या म्हणायच्या, “कोन? कोन बोलतंय?” मग सून फोन घेऊन म्हणायची, “ताई, आईंना नाही ऐकू येत. तुम्ही जेवलात का, असं त्या विचारतायत.” सुनेचाही त्रास मला कळत होता. कंपनीतून दमून आल्यावर दोन बायकांच्या मध्ये उभं राहून निरोप पोचवायचे. काही दिवसांनी मी शुक्रवारचा फोन पंधरा दिवसांवर नेला आणि मग सणावारावर.

आता माझ्याकडे सगळं आहे. हलवायचं खास भांडं आहे, दोन बाजूंचं माप आहे, तळेगावच्या बाजारात मोसंबी, संत्री, हवी ती लिंबं मिळतात. कुणाला दिलेला शब्द नाही, वार पाळायचा नाही. मी शुक्रवारीच करते. का, असं मला कुणी विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी काकूंना भेटायला गेले होते. वरच्या खोल्यांत आता दोन मुली राहतात, नाशिककडच्या, दोघीही कंपनीत. आबा ओट्यावर होते. “मॅडम, आता कुठं असता?” त्यांनी विचारलं. तळेगावला, मी सांगितलं. “व्हय व्हय,” ते म्हणाले. काकू आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी जागा केली आणि माझं मनगट धरलं. मग त्या बोलायला लागल्या. सुनेची बदली झाली, गुडघ्याला कसलंसं तेल लावतात, वरच्या पोरी चांगल्या आहेत, पण खाली येत नाहीत, कामावरनं आल्या की दार लावून घेतात. “मी बी जात न्हाई वर,” त्या म्हणाल्या. “पायऱ्या चढवत न्हाईत. आनि जाऊन काय करू, त्या काय बोलत्यात ते मला कळायचं न्हाई.”

मी बोलले, तर त्या माझ्या ओठांकडे बघायच्या आणि मान डोलवायच्या. पाच-सहा वाक्यांनंतर माझ्या लक्षात आलं की त्या कुठल्याही वाक्याला मान डोलवतायत. मग मी बोलायचं थांबवलं. त्या बोलत राहिल्या, मी ऐकत राहिले. तासाभराने सुनेने चहा आणला. चहा घेऊन मी उठले, आणि काकूंनी धरलेलं मनगट सोडायला थोडा वेळ लावला.

तळेगावच्या बसला बसायला जागा मिळाली. रस्ता नेहमीसारखा तुंबलेला होता. घरी पोचायला सात वाजले. गुरुवार होता, लिंबं उद्या कापायची होती.